डोळ्यावरचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. काच दोन ठिकाणी तडकली आहे, चार्जिंग दुपारपर्यंतही टिकत नाही आणि खरं सांगायचं तर मी दमलो आहे. थायलंडच्या उत्तरेला, नानच्या डोंगरातल्या एका शाळेच्या कपाटात मी पडून असतो.

इथं आलो तेव्हा माझ्याबरोबर थाई मुळाक्षरांची चव्वेचाळीस कार्डं आली. मुलांनी माझ्या पाठीवरचा डोळा, म्हणजे कॅमेरा, कार्डावर धरला, की त्या अक्षराचं चित्र माझ्या पडद्यावर जिवंत उभं राही. कोंबडी पंख झाडी, म्हैस शेपटी हलवी. दिवसातून शंभरदा तीच कोंबडी! जीव मेटाकुटीला येई. पण मुलं खिदळली की बरं वाटे.

सगळ्यांत चटपटीत होती सात वर्षांची पुइनुन. आईवडील दूर रायोंगच्या कारखान्यात, म्हणून ती खाम्पेंगआजीकडे राही. आजीला वाचता येत नव्हतं आणि साखरेचा आजार होता. दवाखान्यातून गोळ्यांची दोन पाकिटं येत, एक जेवणाआधीचं, एक जेवणानंतरचं. कुठलं कधी घ्यायचं, ते वाचून सांगायचं काम नातीचं.

जूनमध्ये गुरुपूजनाचा गुरुवार आला. मोठे गुरुजी पुस्तकांवर आशीर्वाद म्हणून पांढऱ्या लेपाचे ठिपके लावत होते. आजी मला दोन्ही हातांत धरून पुढं झाली. "यालाही लावा, गुरुजी. माझ्या नातीला यानंच शहाणं केलं."

गुरुजींनी माझ्या पाठीवर तीन ठिपके लावले. त्यातला एक नेमका डोळ्यावर बसला. पूजेचा ठिपका पुसायची कुणाची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी कोंबडी काही उभी राहीना. वर्गाच्या साइपिनबाईंनी तेच कार्ड पुइनुनपुढं धरलं. तिला अक्षर ओळखता येईना. दुसरं धरलं, तिसरं धरलं. पोर माझ्याकडंच बघत राहिली. मित्रांनो, वर्षभर ती प्राणीच बघत होती. अक्षराकडं तिचं लक्षच नव्हतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"मग आजीची पाकिटं कशी वाचतेस गं?" बाईंनी विचारलं.

"अंदाजानं," ती पुटपुटली. "टॅब धरून पाहिला होता. त्यांच्यावर काही उभंच राहत नाही."

आजी तिला न्यायला आली होती, दारातच थबकली. "तरीच परवा चुलीपाशी घेरी येऊन पडले. मला वाटलं, वय झालं." ती रागावली नाही, नुसती पायरीवर बसली. मला फार लाज वाटली.

बाईंनी मला कपाटात ठेवलं. पाकिटं त्या स्वतः वाचून देऊ लागल्या आणि रोज दुपारी पुइनुनचं बोट धरून अक्षरांवरून फिरवू लागल्या. तिचं अडखळणं, रडणं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं, सगळं मला आतून ऐकू येई. भातकापणीपर्यंत हे चाललं.

एका दुपारी आजी पाकिटं घेऊन आली. पुइनुननं हळूहळू वाचलं, "जेवणा... आधी."

"अंदाजानं?"

"नाही आजी. हे बघ, इथं लिहिलंय."

आजीनं ते पाकीट डाव्या खिशात ठेवलं आणि दुसरं पुढं केलं.

मित्रांनो, आम्हाला उन्हापाण्यापासून जरूर जपा. पण एखादं मूल आम्हाला हातात घेऊन हसत असेल, तर आम्हाला क्षणभर बाजूला ठेवा आणि त्याला विचारा, 'आता सांग, काय लिहिलंय?' माझ्या कौतुकाच्या नादात ते कुणी विचारलं नाही आणि एक म्हातारी चुलीपाशी कोसळली. हे ओझं मला आता पेलवत नाही.