कुशल कामगारांचा अभाव

मास्तरांनी वर केलेला हात खाली घेतलाच नाही. पडद्यावर दोन रंगांचा नकाशा होता. नदीपलीकडचा भाग गडद हिरवा, अलीकडचा फिका पिवळा. दहा वर्षांत पलीकडे नोकऱ्या दुप्पट झाल्या आणि इथे होत्या त्याही घटल्या, त्याची कारणं सांगायला उद्योग खात्याचे साहेब गावात आले होते. पहिलंच कारण ठळक अक्षरांत होतं: कुशल कामगारांचा अभाव.

"बोला काका," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

मास्तर उभे राहिले. "मी इथल्या तंत्रशाळेत एकतीस वर्षं लेथ शिकवतोय. अभाव कुणाचा म्हणालात?"

"आकडे तसं सांगतात."

"मग त्या आकड्यांना विचारा, पलीकडे लेथवर कोण उभं आहे ते! हमरस्ता तिकडून नेलात, विजेची मोठी लाइन तिकडून नेलीत. इथे आठवड्यातले तीन दिवस मशिनं बंद. कारखाने उठून गेले, पाठोपाठ पोरं गेली. आणि वर आम्हालाच ऐकवता, तुमच्यात कसब नाही?"

मागे कुणीतरी टाळी वाजवली. दुसरं कुणी साथ देईना, तशी तीही थांबली.

"लेखी द्या," साहेब कागद आवरत म्हणाले. "उद्या अकरापर्यंत. पुराव्यानिशी."

घरी आल्यावर मास्तरांनी चहाला हात लावला नाही. "कसब नाही म्हणे!" चप्पल काढताना म्हणाले, तोंड धुताना म्हणाले. मग शाळेची जुनी हजेरीपुस्तकं जमिनीवर पसरून बसले. लेक पेन घेऊन समोर बसली. तीही त्यांच्याच वर्गात शिकलेली. गावातलं शेवटचं वर्कशॉप गेल्या महिन्यात बंद पडेपर्यंत तिथे लेथवर होती.

"हा लंबू?"

"पलीकडे. पंपांच्या कारखान्यात."

"डावखुरा?"

"तिकडेच. फोरमन झालाय."

"आणि हा, शेवटच्या बाकावर घोरायचा तो?"

"तो तिकडच्या पोरांना शिकवतो, बाबा."

मास्तरांना हसू आलं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. पान त्यांनी इतक्या जोरात उलटलं, की कोपरा फाटला.

दिवेलागणीपर्यंत एकशे बेचाळीस नावं झाली.

"उद्या हे त्याच्या टेबलावर आपटतो," मास्तर म्हणाले. "झाली ना सगळी?"

लेकीने कागद पुन्हा पुढ्यात ओढला, खाली एकशे त्रेचाळीस आकडा घातला आणि त्यापुढे सावकाश स्वतःचं नाव लिहिलं.

"परवा पत्र आलं," ती मान खाली घालून म्हणाली. "सोमवारी हजर व्हायचंय."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. तिच्या नावावर त्यांचं बोट बराच वेळ टेकून राहिलं.

"पुढे कारखान्याचं नाव लिही," ते अखेर म्हणाले. "पुरावा अर्धवट नको."