कागदासकट दळलेला आवाज

मी एक जुने दाबयंत्र आहे. मित्रांनो, मी गाण्यांच्या रेकॉर्ड छापत असे. घरातल्या एखाद्या कपाटात जेवणाच्या ताटाएवढी काळी, चकचकीत रेकॉर्ड असेल तर तिच्यावर हलकेच बोट फिरवून पाहा. बोटाला ज्या बारीक रेघा लागतील, तशा रेघा पाडण्यात माझे आयुष्य गेले. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. ती आठवली की मला आजही मळमळते.

लोखंड ओतून माझे दोन जबडे केले गेले. त्यांच्या आतून वाफेचे आणि थंड पाण्याचे नळ फिरवले. दोन्ही जबड्यांवर धातूचे पातळ साचे बसवत, त्यांच्यावर गाण्याच्या रेघा उलट्या उमटलेल्या असत. मधोमध गरम, मऊ काळा गोळा ठेवत आणि त्याच्या वर-खाली नाव छापलेली गोल कागदी लेबले. मी तोंड मिटायचे. आधी वाफ, मग गार पाणी. तोंड उघडले की रेकॉर्ड तयार.

मला चालवणाऱ्या बाईला सगळे अक्का म्हणत. तिचे दंड वाफेने कायम लाल झालेले असत. मी छापलेला पहिला मोठा अल्बम जॅझचा होता. त्यातल्या ट्रम्पेटवाल्याने पहिला सूर लावण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा रेकॉर्डवर ऐकू येई. रेकॉर्ड वाजवून पाहणारा तपासनीस म्हातारा तेवढा श्वास ऐकायला सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवी. लोक दुकानांपुढे रांगा लावत. कारखान्याच्या मालकांनी, आमच्या साहेबांनी, माझ्या पाठीवर थाप मारून माझे कौतुक केले आणि हातातली सिगारेट माझ्याच अंगावर विझवली. त्या दिवसापासून हा माणूस जवळ आला की मला शिसारी येई.

अक्काची बहीण पलीकडच्या खोलीत रेकॉर्ड कव्हरांत भरायची. तिला धाकटी म्हणत. काम करताना ती गायची, आणि ती गाऊ लागली की खोलीतल्या इतर बाया आपोआप गप्प होत. तिचा आवाज जाड होता, थोडा फाटलेला, पण मनाला भिडणारा. साहेबांच्या कानावर तो गेला. त्या काळी सोल नावाच्या, काळजातून गायच्या संगीताला चांगले दिवस होते. साहेबांनी तिचा अल्बम काढला. पिवळ्या लेबलाचा.

त्याची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा अक्काने ती दोन्ही तळहातांवर उचलून धरली आणि कडेची कतरण इतकी जपून कापली, जणू लहान बाळाची नखे काढत होती.

तो अल्बम धडाक्यात खपला नाही, पण ज्यांनी घेतला त्यांनी तो सोडला नाही. दुकानदार सांगत की हळूहळू मागणी येते आहे. धाकटीचे घर काही त्यावर चालणार नव्हते. ती सकाळी यायची, डबा खुंटीला लावायची आणि पुन्हा कव्हरे भरायला बसायची.

मग रॉकवाले आले. चार पोरे, मोठाले केस, त्यांच्याहून मोठे ढोल. अल्बम तुफान चालणार हे सगळ्यांना दिसत होते, पण नेमका तेव्हाच कच्चा माल मिळेनासा झाला. साहेबांनी गोदामात चक्कर मारली आणि हुकूम सोडला, की पिवळ्या लेबलाचा सगळा माल दळून काढा.

मित्रांनो, न खपलेल्या रेकॉर्ड दळून त्यांचा भुगा पुन्हा वापरणे नवे नव्हते. पण दळण्याआधी मधले लेबल कापून काढायचे असते, नाहीतर कागद मालात मिसळतो. साहेब म्हणाले, तेवढा वेळ नाही. कागदासकट दळा.

अक्का तरातरा त्यांच्या खोलीत गेली आणि तशीच परत आली. साहेब हसत म्हणाले होते, की आवाज थोडाच जातो, जातो तो नुसता माल. अक्काने हातमोजे काढून माझ्या कठड्यावर टाकले. तेवढ्यात दारात धाकटी येऊन उभी राहिली. तिला कुणीतरी सांगितले होते.

"घाल ते मोजे," ती म्हणाली. "तू नाही केलंस तर दुसरं कुणी करेल. आपल्या घरात दोन पगार येतात, ते दोन्ही नकोत घालवायला."

"मला नाही जमायचं गं."

"जमव. परक्या हातून होण्यापेक्षा तुझ्या हातून झालेलं बरं."

अक्काने मोजे चढवले. आणि तो भुगा, त्याचा गरम गोळा, माझ्या तोंडात आला. जळक्या कागदाचा वास, शाईची कडवट चव, चिकट, कचकच. मी यंत्र आहे, मला उलटी होत नाही. झाली असती तर मी त्या दिवशी साहेबांच्या बुटांवर केली असती. ज्या जबड्यांनी मी तो आवाज छापला, त्याच जबड्यांनी तो चावून चिरडला आणि त्यावर ढोल उमटवले. उघड्या दारातून मला पलीकडे धाकटी त्या रेकॉर्ड कव्हरांत भरताना दिसत होती. एक रेकॉर्ड तिने उजेडात धरली. काळ्या रेघांमध्ये पिवळ्या कागदाचा कण अडकला होता. ती रेकॉर्ड तिने इतरांसारखीच कव्हरात घातली. त्यानंतर कामावर ती कधी गायली नाही.

त्या रेकॉर्ड वाजवल्या की गाण्यामागे खरखर येई. तपासनीस म्हातारा म्हणाला, हा माल बाहेर जाऊ देऊ नका. साहेबांनी जाऊ दिला. आणि पुढे काय झाले माहीत आहे? एका वर्तमानपत्रातल्या मोठ्या समीक्षकाने लिहिले, की या अल्बममधली खरखर म्हणजे रस्त्यावरची धूळ आहे, बंडखोरीचा श्वास आहे. साहेबांनी तो मजकूर चौकट करून भिंतीवर लावला. अल्बम अजरामर झाला.

पुढे रेकॉर्डचे दिवस सरले. मला कोपऱ्यात ढकलले. माझ्यावर रंगाचे डबे आले, फुटक्या खुर्च्या आल्या, उंदरांनी नळांत बिऱ्हाड केले. कोणी विचारपूस केली नाही. मला त्याचे दुःख झाले नाही. निदान तोंडात काही येत नव्हते.

अनेक वर्षांनी लोकांना रेकॉर्डची पुन्हा हौस आली. साहेब गेले होते. त्यांच्या मुलीने मला घासूनपुसून उभे केले. तिला तो रॉकचा अल्बम नव्याने काढायचा होता, आणि तोही जुन्या खरखरीसकट. तिच्या इंजिनियरांनी खूप खटपट केली, पण ती खरखर काही जुळेना. शेवटी त्यांनी अक्काला बोलावणे धाडले. अक्का पार वाकली होती. सोबत धाकटी होती, काठी टेकत आलेली.

अक्काने सरळ सांगून टाकले. ती धूळ नाही, बंडखोरी नाही. ती माझी बहीण आहे, कागदासकट दळलेली.

मुलीचे डोळे भरून आले. मला क्षणभर वाटले, हिच्यात बापाचे काही उतरलेले नाही. मग तिने डोळे पुसले आणि ती म्हणाली की ही गोष्ट विलक्षण आहे, ही कव्हरवर यायलाच हवी, लोक वेडे होतील. तिने धाकटीकडे तरुणपणीचा फोटो मागितला. कॅमेरेवाले पुढे सरसावले.

धाकटी शांतपणे म्हणाली, "एकदा दळलंत, तेवढं पुरे."

कोणाच्याही कानात ते शिरले नाही. पहिली प्रत अक्काच्या हातून निघावी, असा त्यांचा बेत होता, म्हणून काही दिवसांनी त्यांनी दोघींना पुन्हा बोलावले. त्यांनी अक्काचा हात माझे तोंड मिटवणाऱ्या दांड्यावर नेऊन ठेवला. गोळा माझ्या तोंडात होता. या वेळी त्यात पिवळा कागद मुद्दाम मिसळलेला, नवा कोरा, सुवासिक. जुन्यापेक्षा याचीच मला जास्त किळस आली.

अक्काने दांड्यावरचा हात काढून घेतला.

"नाही," ती म्हणाली. एवढेच. तिने बहिणीचा दंड धरला आणि दोघी हळूहळू दाराबाहेर गेल्या.

मग मुलीने स्वतःच दांडा ओढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी तोंड मिटले, कारण मला दुसरे काही करताच येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारात, कामाच्या जागी कोणी गात असेल तर ते गाणे तिथल्या तिथे ऐका. तो माणूस समोर असताना त्याची कदर करा, त्याचा भुगा झाल्यावर त्यातली खरखर वाखाणू नका. आणि कधी कोणी तुमच्या हाती दांडा देऊन असले काही छापायला सांगितले, तर लक्षात असू द्या, की यंत्र मी आहे. तुम्ही नाही.