माझ्या तळाशी पडलेली सहा पत्रे

मित्रांनो, लाकडाला राग येत नाही असे तुम्हाला वाटत असेल. मला येतो. मी एक जुना लाकडी ट्रे आहे. पुलांचे नकाशे करणाऱ्या एका कचेरीत, दाराजवळच्या टेबलावर, बाहेरून येणारे कागद माझ्यात पडत.

एका सुताराने उरलेल्या सागवानी फळीतून मला घडवले. एकही खिळा मारला नाही. खाचेत खाच बसवली. पहिली कित्येक वर्षे कागद म्हणजे मला नुसते वजन होते. वाचायला मी फार उशिरा शिकलो, तेही अंगावर पडलेला एकेक कागद चाचपडत. "या ट्रेतला कागद कधी हरवला नाही," असे मोठे साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत. खरेच होते ते. माझ्यातला कागद हरवत नसे. पडून राही.

कचेरीची रीत अशी, की प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पुलाचा नंबर हवा. नंबर असला की कागद त्या पुलाच्या फायलीला लागून वर इंजिनिअरांकडे जाई. नसला की कारकून तो माझ्या तळाशी सारी आणि विसरून जाई. पुलांच्या कचेरीला कोणी पूल सोडून दुसरेही काही लिहील, हे त्या रीतीला सुचलेच नव्हते.

एका मंगळवारी एक मुलगी पत्र घेऊन आली. शिंप्याची लेक, नुकतीच शाळा संपलेली. पत्रात एकच प्रश्न होता. मला पूल बांधायचे आहेत. आधी नकाशे काढण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेऊ, की थेट इंजिनिअरिंगला जाऊ? अर्ज एकाच ठिकाणी करता येतो आणि पुढच्या महिनाअखेर मुदत संपते. घरात कोणाला यातले कळत नाही. तुमच्यापैकी कोणी अर्धा तास द्याल का?

कारकुनाने कोपरा पाहिला. नंबर नाही. पत्र तळाशी गेले.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा आली.

"काका, माझ्या पत्राचं काही?"

"साहेब कामात आहेत."

"दुसरं कोणीही चालेल. मी थांबते."

"थांब की. बाकडं काय कोणी उचलून नेत नाही."

ती थांबली. जाताना दुसरे पत्र देऊन गेली. मग तिसरे, चौथे. जिना उतरणारे इंजिनिअर तिला पाहून म्हणत, "आला बघा मंगळवार!" आणि हसत हसत चहाला जात. तुला काय हवे आहे, हे एकानेही विचारले नाही. एकानेही! सहा पत्रे माझ्या पोटात होती आणि मला तोंड नव्हते. कागद घट्ट धरून ठेवण्याचा मला अभिमान होता ना? त्या दिवसांत त्याच अभिमानाची मला शिसारी आली.

मुदत संपली. शेवटच्या दिवशी मुलीने अंदाजाने दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला होता. तरी मंगळवारी ती हजर.

"आता कशाला आलीस? मुदत गेली ना?" कारकून म्हणाला.

"मुदत गेली, काका. प्रश्न आहे तिथेच आहे." मग तिने विचारले, "वर जातात ते कागद कसे असतात?"

"त्यावर पुलाचा नंबर असतो."

"एवढंच?"

"एवढंच."

पुढच्या खेपेला तिने पत्र आणलेच नाही. घराजवळच्या कालव्यावरचा पादचारी पूल मोजून त्याचा नकाशा काढून आणला होता. पुलाच्या खांबावर रंगवलेला नंबर कोपऱ्यात लिहिला होता. तासाभरात कागद वर गेला!

थोड्याच वेळात तपासनीस बाई खाली आल्या. दुसऱ्यांच्या नकाशांतल्या चुका शोधणे हे त्यांचे काम, आणि सगळी कचेरी त्यांना टरकून असे.

"हा कोणी काढला?"

"मी," मुलगी उभी राहिली.

"आमच्या नकाशात पाणी जायला सहा भोकं आहेत. तू चारच दाखवलीस."

"चारच आहेत, बाई. दोन बुजलीत. तिथं चार बोटं पाणी साचतं."

"मापं कशानं घेतलीस?"

"बाबांच्या टेपनं. शिवणकामाच्या."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, मग आधी का नाही आलीस?"

मुलीने कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने माझ्याकडे. बाईंनी मला टेबलावर उपडा केला. पहिले पत्र वाचून त्या कडाडल्या, "काका, हिच्या पाठीवर नंबर रंगवायला हवा होता का?"

"रीत आहे, बाई."

"चुलीत घाला ती रीत!" मग त्यांनी जिन्यावरून हाक मारली, "सगळे खाली या!" सहा इंजिनिअर उतरले. प्रत्येकाला एकेक पत्र मोठ्याने वाचायला लावले. त्या दिवशी कोणी हसले नाही.

मग बाई मुलीशेजारी बाकड्यावर बसल्या. "तो अभ्यासक्रम आता जुना झाला. त्यात शिकवतात ते काम हल्ली कोणी हातानं करत नाही. तू थेट इंजिनिअरिंगला जायला हवं होतंस."

"मग आता?"

"तो अर्ज मागे घे. पुढच्या वर्षी नीट भर. तोवर दर शनिवारी ये, मी शिकवते."

मुलगी हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. तिला गुरू मिळाला हे खरे. पण तिचे वर्ष गेले ते गेलेच. अर्ध्या तासाच्या उत्तरासाठी एक अख्खे वर्ष! ते तिला कोण परत देणार?

मित्रांनो, उद्या तुम्ही कामात पटाईत व्हाल, आणि कोणीतरी वाट विचारत तुमच्या दारात उभे राहील. जमेल तर वाट सांगा. वेळ नसेल तर "नाही" म्हणा, पण त्याच दिवशी म्हणा आणि तोंडावर म्हणा. नाही ऐकलेला माणूस दुसरे दार तरी गाठतो. तुम्ही गप्प बसलात, तर तो तुमच्याच दारात उभा राहतो आणि त्याचे दिवस निघून जातात.