भातुकलीतला चहा

कळमनुरीच्या बसस्थानकासमोरच्या गल्लीत रत्नपालचं गेमिंग सेंटर होतं, आणि तिथं बसून तो ज्या सुरात बोलायचा तो सूर एखाद्या पुढाऱ्यालाच शोभला असता. खरा गेम म्हणजे मारधाडीचा, हे त्याचं ठाम मत होतं. समोरून शत्रू आला पाहिजे, हातात बंदूक पाहिजे आणि पापणी लवायच्या आत काय तो निकाल लागला पाहिजे. बाकीच्या सगळ्या प्रकारांना त्यानं 'झोपेचे गेम' असं एकच नाव ठेवलं होतं. कोणी कोडी सोडवत बसला की तो मागून विचारायचा, "काहून बे, शाळेत मन भरलं न्हाई का?" आणि कोणी बस चालवायचा गेम लावला की, "तिकीट फाडू का तुझं?" पोरं हसायची, आणि झोपेचे गेम खेळणारे बिचारे कोपऱ्यातल्या खुर्च्या धरून मुकाट्यानं खेळत राहायचे.

ह्या बहाद्दर माणसाला हरवलं ते त्याच्या स्वतःच्या लेकीनं. पल्लवी अजून शाळेतसुद्धा जात नव्हती. एका रविवारी सकाळी ती भातुकली मांडून बसली होती आणि संध्या, म्हणजे तिची आई, आंघोळीला गेली म्हणून तिनं नाइलाजानं रत्नपालला जेवायला बोलावलं. त्यानं इवलीशी ताटली हातात घेतली, "वा, मस्त झालं" म्हणाला आणि नजर पुन्हा मोबाईलकडं वळवली. पल्लवीनं त्याच्या हातातून ताटली काढून घेतली. रागावली नाही, रडली नाही, फक्त जवळ बसलेल्या आजीला सांगितलं, "पप्पा खोटं खातात. आई खरं खाती."

रत्नपालला हे इतकं लागलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. संध्या भातुकलीला बसली की पल्लवी खिदळायची, तिच्या मांडीवर चढायची, तिच्या तोंडाला हात लावून "तिखट झालं का?" विचारायची. त्याच्या वाट्याला त्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. बाप घरात असूनही ते लेकरू पाहुण्याकडं पाहावं तसं त्याच्याकडं पाहायचं. हे त्याला बदलायचं होतं, आणि एकदा मनावर घेतलं की आपल्याला जमत नाही असं जगात काही नाही, याबद्दल त्याला कधीच शंका नसायची. भातुकलीसुद्धा शेवटी झोपेचा गेमच. कंटाळा येतो तो गेममुळं येत नाही, त्यातली गोडी सापडली नाही म्हणून येतो. ती शोधून काढायची, बस्स. पण थेट भातुकलीला हात घालण्याआधी जरा सोप्या ठिकाणी सराव करावा, असं त्यानं ठरवलं.

त्याची रीत साधी होती. नियम विचारायचे नाहीत, युक्त्या विचारायच्या नाहीत. ज्याला तो गेम मनापासून आवडतो त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि एकच गोष्ट विचारायची, "यात गोडी कुठं हाय, तेवढं सांग."

पहिला नंबर दिपकचा लागला. तो मेडिकलच्या दुकानात कामाला होता आणि दुपारी डबा खाऊन झाला की कोड्यांचा गेम खेळायला यायचा. इतकी वर्षं टिंगल करणारा मालक असं काही विचारतोय म्हटल्यावर तो आधी बिचकला, मग लाजत लाजत म्हणाला, "उत्तर सापडायच्या जरा आधी कळतं भाऊ, की आता सापडून राहिलं. अजून दिसलेलं नसतं, पण पोटात कळतं. त्यात हाय गोडी." त्याच संध्याकाळी रत्नपालनं कोड्यांचा गेम लावला आणि खरोखरच त्याच्या पोटात ते कळलं. त्याला इतका आनंद झाला की घरी जाताना तो रस्त्यात एकटाच हसत होता.

त्यानंतर दिपक यायचा बंद झाला. रत्नपालनं मेडिकलमध्ये जाऊन विचारलं, तर तो खोकल्याच्या बाटल्या मांडत म्हणाला, "न्हाई भाऊ, आता काही मन लागत न्हाई त्यात." माणसाला कंटाळा कधी ना कधी येतोच, असं म्हणून रत्नपालनं तो विषय सोडून दिला.

मग रतनसिंगकाका. ते एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. सेंटरात एक स्टिअरिंग बसवलेलं मशीन होतं आणि दुपारची वेळ त्यांची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पडद्यावरची बस ते अशा अदबीनं चालवायचे की पाहणाऱ्यानं नीट सावरून बसावं. बाहेर हॉर्न वाजला की मान न वळवता गाडी कोणत्या डेपोची ते सांगायचे. रत्नपालनं विचारलं तेव्हा त्यांनी पडद्यावरची बस कडेला उभी केली, मग म्हणाले, "घाट उतरताना मागं माणसं झोपलेली असतात, बेटा. त्यांची मान हलू न्हाई द्यायची. त्यांना कळायबी न्हाई पाहिजे की घाट लागला व्हता. यात हाय सगळी गोडी."

रत्नपालनं त्या दिवशी बस चालवली आणि आपल्यामागं झोपलेली माणसं त्याला खरोखर जाणवली. आपल्या भरवशावर इतके जण डोळे मिटून बसले आहेत, या कल्पनेनं त्याचा ऊर भरून आला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रतनसिंगकाका नेहमीप्रमाणं आले, स्टिअरिंगसमोर बसले, हात मांडीवर ठेवून बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिले आणि म्हणाले, "यात काय करायचं असतं?" रत्नपालला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. काकांनी काहीच सांगितलं नाही. थोड्या वेळानं ते उठले, चपला घातल्या आणि उन्हात निघून गेले.

एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. रत्नपाल मात्र यश मिळत असताना थांबणाऱ्यांतला नव्हता. म्हातारपण आहे, विसरायला होतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि ते त्याला पटलंही. शिवाय आता पुढचं घरातच होतं.

संध्या एका खासगी शाळेत शिक्षिका होती. तिचं माहेर डोंगरकडा गावचं, तिथं भावाची केळी आणि हळद. शेताची सवय सुटत नाही म्हणून तिनं गच्चीवर तेलाच्या जुन्या डब्यांत मेथी-कोथिंबीर लावली होती, आणि शाळेतून आल्यावर पल्लवीला मांडीवर घेऊन ती मोबाईलवर शेतीचा गेम खेळायची. रत्नपाल त्याला सगळ्यात जास्त हसायचा. त्यानं शेजारी बसून गोडी विचारली तेव्हा तिला बरं वाटलं. "पेरून झाल्यावर वर नुसती काळी माती दिसती ना," ती म्हणाली, "आत काहीतरी चाललेलं असतं आणि आपण फक्त पाहत राहायचं. मला तेवढंच आवडतं."

पंधरवड्याच्या आत रत्नपाल असा शेतकरी झाला की मारधाडीच्या गेमचं नावसुद्धा त्याला कर्कश वाटू लागलं. संध्यानं मोबाईल त्याच्याकडं दिला तो परत मागितलाच नाही. एका सकाळी तो गच्चीवर गेला, तर डब्यांतली मेथी वाळून पिवळी पडली होती आणि पाण्याची बादली भरलेली तशीच शेजारी ठेवलेली होती. डोंगरकड्याहून भावाचा फोन आला, यंदा केळीचे घड काय सुरेख लागलेत म्हणून तो उत्साहानं सांगत होता, आणि संध्या "बरं, बरं" म्हणत भिंतीकडं पाहत होती.

हे रत्नपालच्या माईनं, चांगुणाबाईनं, पाहिलं. म्हातारी फारसं बोलायची नाही, पण काही गोष्टींत तिचा हट्ट असायचा. शेजारून वाटीभर काही आलं तर ती वाटी तिनं कधी रिकामी परत धाडली नव्हती. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच द्यायची. ती रत्नपालला म्हणाली, "तू सगळ्यांचं घेऊन राहिला, लेका. परत काय देऊन राहिला?"

"माय, आवड काय भांडं हाय का?"

"तिनं सांगितलं तवाच तुला भेटलं ना? मंग आता तू तिला सांग. सांगून घेतलं, सांगून परत दे."

रत्नपाल हसला. पण ते हसू त्याच्या तोंडावर फार वेळ टिकलं नाही, कारण माय खरं बोलत होती हे त्याला कळलं होतं. सांगितलं की परत जाईल. आणि परत गेलं की आपल्याकडं राहणार नाही. "देतो की," तो म्हणाला, "एवढं पीक निघालं की देतो." गेममधली हळद काढणीला आली होती. ती निघाली, मग त्यानं दुसरी लावली.

आणि मग एका रविवारी दुपारी, पल्लवी झोपलेली असताना, तो संध्याजवळ जाऊन बसला. संध्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं विचारण्याआधीच ती म्हणाली, "भातुकलीचं न्हाई सांगत मी."

"काहून?"

"मला भीती वाटून राहिली. काहून ते कळत न्हाई, पण वाटून राहिली."

"मी घेऊन कुठं पळून चाललो का? तिचा बाप हाय मी. तिनं माझ्यासंगबी हसावं असं तुला वाटत न्हाई?"

हे त्यानं बरोबर जागी मारलं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. संध्या खूप वेळ झोपलेल्या पल्लवीकडं पाहत राहिली. एखादं लेकरू गावाला पाठवताना आई त्याचे केस नीट करते, तसे तिनं तिचे केस नीट केले. मग हळू आवाजात म्हणाली, "ती वाटी देती तवा मी वाटीत कधीच पाहत न्हाई. मी तिच्या तोंडाकडं पाहते. ते पाहत पाहत पिलं की वाटी भरलेली असती. बस, एवढंच हाय."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. जाताना दारात ती क्षणभर थांबली, काहीतरी विसरल्यासारखी, आणि मग आत गेली.

पल्लवी उठली. डोळे चोळत तिनं भातुकलीचा डबा उपडा केला आणि प्लॅस्टिकची इवलीशी भांडी फरशीवर मांडली. रत्नपाल समोर येऊन बसला तशी तिनं संशयानं त्याच्याकडं पाहिलं, पण चूल पेटवली, आधण ठेवलं, चिमूट चिमूट साखर टाकली आणि एक वाटी त्याच्यापुढं धरली. रत्नपालनं वाटी हातात घेतली आणि तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिची भुवई थोडी वर गेली होती, ओठ अर्धे उघडे होते, सगळं जग तेवढ्यासाठी थांबलं होतं. त्यानं घोट घेतला. चहात आलं होतं. जरा जास्तच पडलं होतं, घशात झणझणलं आणि त्याला ठसका लागला.

पल्लवी खिदळली. "तिखट झाला?" म्हणत ती उठली, भांडी ओलांडून आली आणि थेट त्याच्या मांडीवर चढून बसली. तिनं आपला गरम तळहात त्याच्या गालाला लावला. इतकं सुख रत्नपालला आयुष्यात कशानंच झालं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"आईला दे ना," तो म्हणाला. आता तिघांनी बसावं, असं त्याला मनापासून वाटलं.

संध्या वाळलेले कपडे घेऊन बाहेर आली होती. पल्लवीनं दुसरी वाटी भरली आणि दोन्ही हातांनी जपून तिच्याकडं नेली. "आई, चहा घे." संध्यानं कपडे खाटेवर ठेवले, वाटी घेतली आणि नव्या घरी आलेला पाहुणा पाहतो तसं, सभ्यपणानं, वाटीत डोकावून पाहिलं.

"यात तर काहीच न्हाई ग," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, प्रेमही नव्हतं. तिनं वाटी फरशीवर ठेवली, आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. पल्लवीच्या फ्रॉकवर तिचा हात थांबला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, कुणाचा असावा असा जरा विचार केला आणि वेगळा काढून ठेवला.

दारात चांगुणाबाई उभी होती. तिनं फक्त रत्नपालकडं पाहिलं.

आता बोलायचं होतं. चार शब्द होते, आणि ते त्याच्या जिभेवर आलेही होते. वाटीत पाहू नको, तिच्या तोंडाकडं पाहा. एवढं म्हटलं की संध्याचा हात त्या फ्रॉकवर पुन्हा थांबला असता, आणि या वेळी ओळखून थांबला असता. रत्नपालनं तोंड उघडलं.

"पप्पा, अजून?" पल्लवीनं विचारलं आणि त्याची वाटी पुन्हा भरली. काठोकाठ, वाफाळती.

रत्नपालनं ओठ पुढं काढले आणि चहावर हळूच फुंकर मारली.