पुट्टीची उंची

मित्रांनो, मी उंची मोजायची एक जुनी लाकडी पट्टी आहे. म्हैसूरच्या एका मोठ्या दवाखान्यात, मुलांच्या विभागात, दाराजवळच्या भिंतीला मला ठोकून तीस वर्षं झाली. माझे आकडे पुसट झालेत, नजर मात्र शाबूत आहे.

अंबुजा पहिल्यांदा माझ्यापाशी उभी राहिली तेव्हा आठ वर्षांची होती आणि पाचची दिसत होती. जन्मतःच तिच्यात एक गुणसूत्र कमी होतं. डॉक्टरांनी तिच्या आईला, सरोजम्मांना, सांगितलं की उंचीसाठी इंजेक्शनं देऊ, पण हृदयाची मोठी रक्तवाहिनी पुढे फुगून फुटू शकते, ती आणि रक्तदाब जन्मभर तपासत राहावे लागतील. सरोजम्मांनी उंचीचं तेवढं ऐकलं. खरं सांगायचं तर सगळ्यांनीच.

दर तीन महिन्यांनी अंबुजा यायची. वेणीतली मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, माळ काढून माझ्या खिळ्याला अडकवायची आणि हळूच टाचा उचलायची.

"टाचा खाली, पुट्टी," कमलक्का नर्स म्हणायची. पुट्टी म्हणजे त्यांच्या कन्नडमध्ये चिमुरडी. "उंची काय माझ्या माहेरची आहे, फुकट वाटायला?"

अठराव्या वर्षी ती एकशे चव्वेचाळीस सेंटिमीटरवर थांबली. सरोजम्मांनी विभागभर म्हैसूरपाक वाटला. माझंही कौतुक झालं आणि मी मूर्खासारखी फुगले. फाईल बंद झाली. मग बरीच वर्षं ती दिसली नाही.

चौतिसाव्या वर्षी, एका सकाळी, ती पाठ धरून आली. आत काहीतरी फाटल्यासारखं दुखतंय म्हणाली. नावनोंदणीच्या खिडकीवरच्या माणसानं चिठ्ठीवरचं वय न वाचता, नुसती उंची बघून तिला इकडे धाडलं होतं. सवयीनं तिनं माळ खिळ्याला अडकवली.

"मूल कुठंय, अक्का?" नव्या नर्सनं विचारलं.

"मीच ते."

नर्सला हसू आलं. लहानपणी ती इथेच यायची हे कळल्यावर, मग इतकी वर्षं मोठ्यांच्या विभागात का गेली नाहीस, असं तिनं विचारलं. गेले होते, अंबुजा म्हणाली. लग्न नाही, मूल नको, मग आलीस कशाला, असं तिथे म्हणाले. मग इथली जुनी फाईल शोधली तर ती कधीच रद्दीत गेली होती. अठरावरच्यांना इथे बघत नाहीत, समोरच्या इमारतीत जा, असं नर्सनं सांगितलं.

अंबुजा माळ विसरून गेली. समोरच्या इमारतीच्या पायऱ्यांवरच तिची ती रक्तवाहिनी फुटली आणि ती तिथेच गेली.

माळ वाळेपर्यंत कुणी काढली नाही. मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला खुशाल वाळवी लागू दे. पण अशी एखादी बुटकी बाई दारात आली, तर मूल कुठंय विचारण्याआधी तिचा रक्तदाब तेवढा बघा.