आतून लावलेलं ठिगळ

घट बसायच्या आधी आमच्या गंगाखेडात घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जातं. गोधड्या, चादरी, खुंटीवरचे जुने सदरेसुद्धा. काही न धुता ठेवून घट बसवायचे नाहीत, ही रीत माझ्या सासूबाईंच्याही आधीची. गेल्या साली माझी सून राजेश्री इतक्या मनापासून धुवायला निघाली की ट्रंकेतलं चामड्याचं जाकीटही तिनं गाठोड्यात बांधलं. साबण लावला, घासलं आणि गोधड्यांच्या रांगेत वाळवंटावर उन्हात पसरलं.

संध्याकाळी गाठोडं सुटलं तेव्हा जाकीट पापडासारखं कडक झालं होतं. दोन्ही कोपरांवर आणि कॉलरच्या घडीवर बारीक चिरा पडल्या होत्या. राजेश्रीनं ते माझ्यापुढं ठेवलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"आत्याबाई, मला वाटलं मळकं हाय. देवीम्होरं मळकं कसं ठिवावं?"

मी तिला काय बोलणार? चामडं धुवायचं नसतं हे तिला सांगणारं तरी कोण होतं? आमच्या गल्लीत असलं जाकीट दुसऱ्या कुणाकडं नव्हतंच.

ते माझ्या मालकांचं, लिंबाजींचं. परभणीहून कापसाच्या गाठी भरून ते ट्रक घेऊन पार लुधियान्यापर्यंत जायचे. एका हिवाळ्यात पानिपताजवळ त्यांची बोटं स्टेअरिंगवर आखडली, तेव्हा तिथंच त्यांनी हे घेतलं. परभणीची थंडी काय कमी आहे? पण तिकडची हाडात शिरते, म्हणायचे. खेपेवरून आले की डिझेल, तंबाखू आणि चामडं असा मिळून एक वास दारातून आत यायचा, आणि चूल फुंकता फुंकता मला कळायचं, आले. बैठकीत कुणी विचारलं, "काय लिंबाजी, विलायतेहून आलाव का?" तर ते नुसती कॉलर ताठ करायचे.

आता त्यांच्या ट्रकच्या जागी दुसरा ट्रक आहे. माझा मुलगा जीवन तो चालवतो. आणि त्याची मुलगी अर्पिता, माझी नात, तिनं जड वाहनाचं लायसन काढलं. दिवाळीच्या पाडव्याला गाठी घेऊन तिची पहिली खेप निघणार होती. गाडी ती चालवणार, बाप शेजारी बसणार. तिनं एकच गोष्ट मागितली होती.

"आजी, पहिल्या खेपेला आजोबांचं जाकीट घालूनच जाणार मी. तिकडं ढाब्यावर चार बुजुर्ग ड्रायव्हर बसलेले असतात. त्यांनी इचारलं पाहिजे, कुणाचं हाय म्हणून."

म्हणून मी जाकीट दिव्याजवळ नेऊन एकेक चीर मोजली.

माझे दीर योगीराज ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. भावाच्या ट्रकवर त्यांनी कितीतरी वर्षं क्लीनर म्हणून काढलेली. नातीनं ट्रक चालवावा हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं, आणि आता त्यांना आयतंच सापडलं.

"वयनी, पहिल्याच वळणाला कोपर फाटंल. पोरगी स्टेअरिंग धरंल का बाही?"

"दोन्ही धरंल," मी म्हटलं. "तुमाला जमत नसंल, तिला जमतं."

आत जाऊन पाहते तर राजेश्री गोधडीची सुई-दोरा घेऊन बसलेली. चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींजवळ ओढून तिनं टाका घातलाही होता. दुसरा घालायच्या आत मी तिचा हात धरला.

"थांब. कापडाला भोक पाडलं तर धागा त्याला मिठी मारतो. कातड्याला पाडलं की ते भोक तसंच ऱ्हातं. तू दहा टाके घालशील अन् कातडं त्याच रेघेवर फाटंल."

"तुमाला कसं ठावं?"

मला ठाऊक होतं ते मोटेमुळं. माझं माहेर पोखर्णीच्या शिवारातलं. विहिरीवर मोट होती, म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. तिला बारीक भोक पडलं की वर येईस्तोवर निम्मं पाणी परत विहिरीत. नवी मोट तालुक्याहून यायची, पण चिरा माझे वडील किशनराव स्वतः बुजवायचे. मी शेजारी एरंडेलाची वाटी धरून बसायची. ते बोलत फार कमी. एकदा मी विचारलं, ठिगळ बाहेरून का लावत न्हाईत, सोपं पडंल की. ते म्हणाले, "बाहेरून लावलं तर पाणी त्याला ढकलून देतं. आतून लावलं तर पाणीच त्याला दाबून धरतं."

राजेश्रीनं करडईच्या तेलाची बाटली आणली. करडईचं तेल चामड्यावर चिकट होऊन बसतं. मी एरंडेल मागवलं. तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिनं नवरात्रात पायात चप्पल न घालायचं व्रत धरलं होतं.

"सकाळी घट बसणार, अन् तुमी कातड्याला हात लावणार? दसरा होऊ द्या की."

तिचं बरोबरच होतं. पण दसऱ्यापर्यंत थांबलं तर चामडं लाकडासारखं झालं असतं, मग त्याला मऊ करणारं तेल कुठल्याच घाण्यात निघत नाही. मी जाकीट गोठ्याच्या सावलीत खुंटीला टांगलं. रोज पहाटे तिथं जायची, कोमट एरंडेल बोटांनी चोळायची, घड्या हळूहळू उलगडायची. मग आंघोळ, मग घटापुढच्या दिव्यात तेल. दिवसातून दोनदा आंघोळ करावी लागली. या वयात गुडघे कुरकुरतात, पण देवीनं माझ्याकडं वाकडं पाहिलं असं मला एकदाही वाटलं नाही. पाचव्या-सहाव्या माळेला बाही माझ्या हातात वाकली. आवाज न करता. मी तिथंच गोठ्यात उभी राहून एकटीच हसले.

कॉलरची घडी तेलानंच सावरली; दसरा झाल्यावर कोपरांच्या ठिगळांचं काम काढलं. तशाच जातीचं, तेवढंच जुनं चामडं हवं होतं. ते जाकिटातच मिळालं, आतल्या खिशाच्या झाकणात. त्या खिशात मालक तंबाखूची चंची ठेवायचे. झाकण कापताना कात्री जरा थांबली, खोटं कशाला बोलू. मग कापलं. अस्तर शिवणीपाशी उसवलं, ठिगळाच्या कडा तासून पातळ केल्या, नाहीतर कोपराला टोचतात. चिरेच्या खालून ठिगळ सरकवलं, चपलेच्या दुकानातला चिकट डिंक पातळ लावला आणि वरून पाटा ठेवला. चिरेला टाका घातलाच नाही. टाके घातले ते लांब, ठिगळाच्या कडेला, चामडं टोचायच्या आरीनं, दूर दूर, आणि दोरा ओढून न घेता. वाती वळून वळून माझ्या बोटांना अजून वळण आहे. राजेश्री सुईत दोरा ओवून द्यायची. दुसऱ्या कोपराला मी आरी तिच्याच हातात दिली.

"चुकलं तर?"

"चुकलं तर मी हाय की. वढू नगस, फक्त."

तिनं लावलेलं ठिगळ माझ्यापेक्षा सरळ आलं. मी तिला तसं सांगितलं. त्या दिवशी तिनं सगळ्या गल्लीला निमित्त काढून कोपर दाखवलं.

चिरा गेल्या नाहीत. नीट पाहिलं तर हातावरच्या रेषांसारख्या दिसतात. अर्पितानं बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजी, रंग लावून झाकू नगस. असंच ऱ्हाऊ दे."

पाडव्याला सकाळी ट्रकला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. अर्पितानं जाकीट अंगात घातलं. आजोबांचे खांदे रुंद, पण तीही काही कमी नाही. योगीराज भिंतीला टेकून उभे होते.

"वयनी, गल्लीतनं गाडी मागं घ्यायची हाय. स्टेअरिंग पुरं फिरवावं लागंल. बघा आता तुमचं कोपर."

आमची गल्ली अरुंद, तोंडाशी विजेचा खांब. तिथं ट्रक मागं काढताना भल्याभल्यांना घाम फुटतो. जीवन शेजारी बसला होता, पण हात मांडीवर ठेवून. अर्पितानं गिअर टाकला. मी ट्रककडं पाहतच नव्हते, खिडकीतल्या कोपराकडं पाहत होते. तिनं स्टेअरिंग पूर्ण तोडलं, म्हणजे पार टोकापर्यंत फिरवलं, कोपर वाकलं, चामडं ताणलं, चिरा जरा उघडल्या आणि खालचं ठिगळ आतून त्यांना धरून राहिलं. तिनं उलटं तोडलं. तेव्हाही धरलं.

ट्रकचं मागचं अंग खांबापासून हातभर राहिलं आणि गाडी थांबली. तिला मागचं दिसत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपासून योगीराज हलले. धोतर सावरत ट्रकच्या मागं गेले आणि फळीवर तळहातानं दोनदा थाप मारली, भावासाठी मारायचे तशीच.

"आन दे… आन दे… डावीकडं तोड… आन दे, बिनधास आन दे."

ट्रक खांबाला न लागता रस्त्यावर निघाला. अर्पितानं खिडकीतून हात बाहेर काढला. राजेश्री माझ्या कानाशी म्हणाली, "आत्याबाई, माझं ठिगळ त्या हाताचं."

मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "बघितलं मी."