दोघांच्या हातची माशी

मी एक जुना चिमटा आहे. मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या चिमट्याशी माझे काही नाते नाही. मला टेबलाच्या कडेला आवळून बसवतात आणि माझ्या तोंडात मासेमारीचा बारीकसा गळ देतात. मग त्या गळावर दोरा आणि पिसे गुंडाळून माशी बांधतात. ती पाण्यावर पडली की माशाला खरीच वाटते.

माझा जन्म बेळगावात, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर झाला. चिंतामणीआप्पा वकिलांनी स्वतः चित्र काढून मला घडवून घेतले. रविवारी ते मलप्रभा नदीवर जात, मासा पकडत, डोळे भरून पाहत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत. त्यांच्यासारख्या हौशी मंडळींचा एक छोटा क्लब होता. घरभर पिसे उडाली की त्यांची पत्नी वसुधाकाकू कुरकुरत, पण आप्पांची माशी पाहून पाहुणे वाहवा करीत, तेव्हा चहा आणताना त्याही हसत. मला वाटे, वाहवा माझीच चालली आहे.

मग आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. क्लबची मंडळी दरवर्षी बेंगळुरूला माशी बांधणाऱ्यांच्या मेळाव्याला जात, आप्पा मात्र घरीच राहत. मी माळ्यावर एका डब्यात गंजत पडलो. कुणाची पावले वाजली की आशा वाटे. पावले निघून जात.

एकदा आप्पांकडे माशी बांधायला शिकलेली पूर्णिमा भेटायला आली. ती मूळची गुंजी गावची, बेळगावात बँकेत नोकरी करते. वसुधाकाकूंनी रद्दीबरोबर मलाही दाराशी काढून ठेवले होते.

"आप्पा, हे भंगारात घालताय?"

"मग काय करू? हातच गेला गं."

पूर्णिमाने मला उचलून ओढणीने पुसले. "तुम्हास्नी बेंगळुरूला जाता येत न्हाय न्हवं? मग मेळावाच हिकडं घेऊया."

आप्पांनी मान फिरवली. "इथे कोण येणार?"

तिने मला रॉकेलमध्ये भिजवले, घासले, तेल दिले. माझा अडकलेला स्क्रू पुन्हा फिरला, तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तिने गावोगावच्या हौशी मंडळींना मेळाव्याचे बोलावणे धाडले. क्लबातल्या रविराजने बेळगावजवळच्या पिरनवाडीतला आपला रिकामा गाळा झाडून दिला. गावठी कोंबड्यांची गळलेली पिसे पूर्णिमाच्या आईने, मालुबाईंनी, पिशवी भरून पाठवली.

मेळाव्याच्या सकाळी बराच वेळ कुणी फिरकले नाही. आप्पा म्हणाले, "मला घरी सोड." तेवढ्यात धारवाडची मंडळी उतरली. "या, या! बन्नी!" म्हणत पूर्णिमा धावली. मग कोल्हापूरचे आले, निपाणीचे आले. गाळा भरला.

आप्पा कोपऱ्यात माझ्याजवळ बसून होते. निपाणीचे जोतिबा गुरुजी समोर येऊन बसले. त्यांचे पीस सारखे सुटत होते.

"वकीलसाहेब, जरा दाखवा की."

"माझा उजवा हात चालत नाही, गुरुजी."

"डावा चालतोय न्हवं? मग उजवा माझा घ्या."

आप्पांनी डावा हात हळूच पुढे करून माझ्यावर टेकवला. माझ्या तोंडातल्या गळावर त्यांनी पीस धरले, गुरुजींनी दोरा फिरवला. "सैल नको. हां, आता ओढा." दोनदा दोरा तुटला. तिसऱ्यांदा गाठ बसली. माशी जराशी वाकडीच झाली होती, पण सगळे टेबलाभोवती जमले. वसुधाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. आप्पा मोठ्याने म्हणाले, "पूर्णिमा, पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच ठरव!"

तेव्हापासून हा मेळावा दरवर्षी भरतो. पहिली माशी दोघांनी मिळून बांधायची, प्रत्येकाने एकच हात वापरायचा, असा तिथला रिवाज पडला आहे. यंदा आप्पांच्या जोडीला धारवाडची एक शाळकरी मुलगी बसली होती. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच कळत होती, तरी गाठ पक्की बसली.

मित्रांनो, वस्तू गंजली तर तिला तेल द्या. आणि घरात कुणी कोपऱ्यात गप्प बसले असेल, तर त्याच्यासमोर जाऊन बसा आणि ‘मला काहीतरी शिकवा’ म्हणा. आपला एक हात पुढे करा.